किती खरवडायचं?

ओहायो राज्याच्या पश्चिमेला शेल्बी नावाचा जिल्हा आहे. नजर पोचेल तिथवर सपाट जमीन, मका आणि सोयाबीन, मधूनच धान्याची उंच कोठारं. डेटनहून आय-७५ महामार्गानं उत्तरेला निघालं की पाऊणएक तासात सिडनी हे जिल्ह्याचं मुख्य गाव लागतं. या सिडनीत १८९१ साली वॅग्नर बंधूंनी ओतीव लोखंडाची भांडी करायचा कारखाना काढला. तिथून ईशान्येला, मक्याच्या शेतांमधून थोडं पुढं गेलं की जॅक्सन सेंटर. दीडेक हजार वस्तीचं खेडं, आणि तिथं १९५२ पासून एअरस्ट्रीमचे चंदेरी ट्रेलर बनतात. अमेरिकेत जुन्या वस्तूंना पुन्हा उभं करणाऱ्यांची जी दोन मोठी वेडं आहेत, बिडाची भांडी आणि चाकांवरची घरं, त्या दोन्हींची एकेक गंगोत्री एकाच जिल्ह्यात आहे. मला हे समजलं तेव्हा मी बराच वेळ नकाशा उघडून बसले होते.

मी डेटनजवळ राहते. माहेर कोल्हापूरचं. आप्पांचा सगळा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गेला. ऊस आला, उसाला पाणी आलं, पाण्यासाठी आईल इंजिनं आणि पंप आले आणि त्यांची अंगं ओतायला कोल्हापुरात भट्ट्या पेटल्या. आप्पांच्या शर्टाला मोल्डिंगच्या काळ्या वाळूचा वास असायचा. आमच्या घरात बिडाला कुणी नुसतं लोखंड म्हटलेलं आप्पांना खपत नसे. सीआय म्हणजे बीड वेगळं, एमएस म्हणजे माइल्ड स्टील वेगळं. एक ओततात, दुसरं लाटतात आणि वाकवतात. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो, म्हणून ते वितळून साच्यात नीट उतरतं आणि म्हणूनच फरशीवर पडलं तर फुटतंही.

इथल्या जुन्या बाजारात पहिल्यांदा काळं, खरखरीत, डांबर फासल्यासारखं दिसणारं तळणीचं भांडं हातात आलं, तेव्हा मी ते उलटं केलं आणि पाठीवर बोट फिरवलं. पाठीच्या मधोमध एक लांबट, किंचित उंच रेघ होती. विकणारा म्हणाला, ओरखडा आहे, दोन डॉलर कमी द्या. तो ओरखडा नव्हता. वितळलेल्या बिडाचा रस साच्यात जिथून शिरतो तो गेट तोडल्याची ती खूण होती. शिरोलीत फेटलिंगची, म्हणजे ओतलेला भाग साफ करणारी, माणसं दिवसभर हेच तर घासत असतात. अशी पाठीवरून रस ओतलेली भांडी साधारण १८९० च्या आधीची. पुढं गेट भांड्याच्या कडेला गेला आणि पाठ कोरी झाली. ते भांडं कुणाचं, कुठल्या गावचं, काही लिहिलेलं नाही. त्या काळी बरेच कारखाने नाव घालतच नसत.

नाव घालणारे नंतर आले. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचं ग्रिसवोल्ड हे त्यातलं सगळ्यात मानाचं. घराण्याची सुरुवात १८६५ ची, आणि ईरीतली ओतशाळा १९५७ साली बंद झाली. दोन वर्तुळांत क्रूस आणि त्यावर नाव, असा त्यांचा ठसा दिसला की लोकांचे डोळे लकाकतात आणि किमती चढतात. त्यांच्या नकलाही निघाल्या. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गमध्ये १८९६ पासून सुरू असलेला लॉज नावाचा कारखाना अजूनही ओततो आहे. मला स्वतःला वॅग्नर आवडतं. शेजारच्या जिल्ह्याचं म्हणून असेल. पण त्याची भिंत पातळ, वजन मनगटाला झेपणारं, आणि आतला पृष्ठभाग असा गुळगुळीत की बोट घसरतं. ओतल्यावर ते आतून यंत्रावर घासून घेत. तिरप्या उजेडात धरलं तर त्या घासण्याची बारीक गोल वलयं अजून दिसतात. आज दुकानात मिळणारी बहुतेक साधी भांडी वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा तसाच ठेवून विकली जातात, कारण घासण्याच्या कामाला माणसं लागतात.

त्या वलयांपाशी माझा मुद्दा सुरू होतो.

जुनं भांडं मिळालं की लोक पहिल्यांदा काय करतात? ग्राइंडर काढतात. ड्रिलला तारेचा ब्रश किंवा सँडपेपरची चकती लावतात आणि पांढरं चकचकीत होईपर्यंत घासत सुटतात. पंधरा मिनिटांत भांडं नव्या नाण्यासारखं दिसतं. आणि त्याच पंधरा मिनिटांत शंभर वर्षांपूर्वी सिडनीतल्या कुणा कामगारानं मन लावून केलेलं घासकाम पुसलं जातं. पृष्ठभाग काचेसारखा झाला की तेलाचा थरही त्यावर नीट बसत नाही, पापुद्रे निघतात. दुसरे लोक भांडं होळीत टाकतात, जळू दे म्हणतात सगळं. बीड एकदम आणि एका अंगानं तापलं की वाकतं, तडकतं. नाही तडकलं तर त्यावर एक तांबूस खवल्यांची झाक येते आणि पुढं कितीही तेल मुरवा, ते भांडं तेल धरायला तयार होत नाही. अशी जळकी भांडी बाजारात काळं तेल फासून विकायला ठेवलेली असतात. मी ती ओळखते आणि दर वेळी जीव हळहळतो.

खरं तर घासावं लागतच नाही. कॉस्टिक सोडा हे काम स्वतः करतो. प्लॅस्टिकचं मोठं टब, त्यात साधारण एकोणीस लिटर पाणी आणि साडेचारशे ग्रॅम सोडा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, डोळ्यांना गॉगल, मुलं आणि कुत्रं दूर. अॅल्युमिनियमचं काही चुकूनही त्यात जाता कामा नये, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सोडतो. बिडाला मात्र तो हात लावत नाही. फक्त तेलाचे जळून घट्ट झालेले थर सुटे करतो. काही दिवसांनी भांडं बाहेर काढायचं, जोरात पाणी मारायचं, आणि ते काळं कवच लगद्यासारखं गळून पडतं.

आपल्याकडं जुन्या मूर्तींवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत जातो आणि एक दिवस खोळ निघते, तसंच हे. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर उतरवला, तेव्हा आत कोरलेलं रूप पाहून लोक थक्क झाले होते. बातमी पाहताना मला आमच्या गॅरेजमधलं टब आठवलं. खोळीखालचं कोरीव काम शाबूत राहिलं, कारण उतरवणाऱ्यांनी छिन्नी लावली नाही.

इथल्या काही घरांत हे पटत नाही. आजीचं भांडं, तिच्या हातचे थर, ते कसे काढायचे? मला ही भावना समजते, पण मी काढते. आजीच्या हाताखालचा थर कागदापेक्षा पातळ होता. वर जमलेलं खडबडीत कवच म्हणजे नंतरच्या पन्नास वर्षांत कुणी नीट न धुतलेली चरबी. त्याच्याखाली गंज लपतो, तडेही लपतात. आणि एक गोष्ट फार जपायची: जुन्या भांड्यांत काही लोक मासेमारीच्या गळांची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतायला शिसं वितळवत. संशय आला तर शिशाची चाचणी करायची आणि शिसं निघालं तर ते भांडं स्वयंपाकघरात आणायचं नाही, मग ते कितीही दुर्मीळ असो.

सोड्यानं गंज निघत नाही. थोडा असेल तर अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, आणि नजर ठेवून लवकर बाहेर, कारण आम्ल गंजानंतर लोखंडही खायला लागतं. जास्त असेल तर वीज. पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण बाजू भांड्याला आणि धन बाजू साध्या लोखंडाच्या पत्र्याला. स्टेनलेस स्टील तिथं वापरायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. उघड्यावर करायचं, कारण इथंही हायड्रोजन निघतो. भांड्याभोवती बुडबुड्यांचा फेस जमतो, पत्रा झिजत जातो आणि गंज काळ्या, सहज पुसता येणाऱ्या भुकटीत बदलतो. आप्पांना व्हिडिओवर हे दाखवलं तेव्हा त्यांनी आईला हाक मारून बोलावलं. मग मला म्हणाले, ‘‘काढ बाहेर. बोटावर टांग आन् टिचकी मार बघू.’’ मी मारली. ‘‘खणकतंय की! तडा न्हाई. तडा असता तर बद्द वाजलं असतं.’’ त्यांच्या फाउंड्रीत इंजिनाची अंगं अशीच तपासत. माझ्या शेजारी राहणारे निवृत्त आजोबा, ज्यांनी मला इथली भांडी ओळखायला शिकवलं, तेही खरेदीच्या वेळी हेच करतात. दोघं एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.

धुतल्या धुतल्या उघडं बीड डोळ्यांदेखत नारिंगी व्हायला लागतं. म्हणून लगेच पुसायचं, मंद तापवायचं आणि कोमट असतानाच तेल चोळायचं. मग ते तेल पुसून काढायचं, लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत. इथंच बहुतेकांचा हात सैल पडतो. जाड थर चिकट राहतो, त्याचे ओघळ होतात. ओव्हनमध्ये पालथं घालून साधारण २३० अंश सेल्सियसवर तासभर ठेवलं की त्या उरल्यासुरल्या तेलाच्या रेणूंची आपसात गुंफण होऊन एक टणक पातळ लेप तयार होतो. असं दोन-चार वेळा. जवसाच्या तेलाची मध्ये फार हवा झाली होती. त्याचा लेप सुंदर दिसतो आणि पुढं पापुद्र्यांनी निघतो, म्हणून मी साधंच तेल वापरते. खड्डे पडलेले असतील तर ते राहू द्यायचे. थालीपीठ खड्ड्यांवरही खरपूस होतं.

आता गॅरेजच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडं येते. तिथं १९६० च्या दशकातली एक छोटी शास्ता, म्हणजे त्या नावाच्या कंपनीची मोटारीमागं ओढायची राहती गाडी, उभी आहे, मागच्या कोपऱ्यांवर पत्र्याचे पंख असलेली. या आकाराच्या गाड्यांना इथं ‘कॅन्ड हॅम’, म्हणजे डबाबंद मांस, म्हणतात. एका शेतकऱ्याच्या कोठीत कित्येक वर्षं पडून होती. भांड्यांनी मला जी सवय लावली होती, वरचं काढ, आत मूळ वस्तू शाबूत असेल, ती सवय इथं उपयोगी पडत नाही. आत मूळ वस्तू कुजलेली असते.

या गाड्या आतून बाहेर अशा बांधल्या जात. आधी लोखंडी चौकट आणि त्यावर जमीन, मग कपाटं आणि ओटा, मग त्यांना धरून आतल्या बर्च प्लायच्या पातळ भिंती, त्यावर दीड-दोन इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आणि सगळ्यात शेवटी अॅल्युमिनियमचा पत्रा. म्हणून उलगडायची ती बाहेरून आत. पत्र्याच्या कडा जिथं मिळतात तिथं धातूची पट्टी असते, पट्टीखाली पुटी. पुटी वाळली, भेगाळली की पहिला थेंब आत शिरतो. तो थेंब बाहेरून दिसत नाही. आतल्या पिवळसर लाकडावर एक काळा डाग उमटतो आणि दर पावसाळी मोसमात थोडा खाली सरकतो. पट्टी काढली तेव्हा आतली पट्ट्यांची लाकडं बोटानं चुरडत होती. काही ठिकाणी गाडी उभी होती ती केवळ पत्र्याच्या आणि सवयीच्या जोरावर.

तेव्हा इथं बदलावं लागतंच. पण कुजलेली पट्टी फेकण्याआधी तिचा आकार कागदावर उतरवून घ्यायचा. जुना तुकडा चुरा झाला असला तरी तोच साचा असतो. कोपऱ्यातला बाक, कपाटाच्या दाराची जाडी, स्क्रूमधलं अंतर, ज्यानं हे ठरवलं त्यानं विचार करून ठरवलं होतं. वजन कमी, कारण साठच्या दशकातली साधी घरगुती गाडी ते ओढणार. मी पाहिलेल्या कितीतरी ‘नव्या’ केलेल्या जुन्या गाड्यांत लोक घरच्यासारखी जाड कपाटं, दगडी ओटे बसवतात आणि मग चौकट वाकली म्हणून हळहळतात.

आणि पांढरा रंग. जुन्या बर्चवर पांढरा ऑइलपेंट मारून, वर फिरोजी पट्टे ओढून, फोटोत गोड दिसेल अशी गाडी करायची, ही रीत मला मनापासून नकोशी वाटते. माझ्या गाडीच्या आतही कुणीतरी रंगाचे थर दिले होते. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं. त्याच वर्षी अमेरिकेत घरगुती वापरासाठी तसल्या रंगांवर बंदी आली. त्यामुळं चाचणी, ओला कपडा, मास्क, आणि धूळ न उडवता सावकाश काढणं. खाली बर्चची नागमोडी रेषा दिसायला लागली तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको काम थांबवून नुसते बघत राहिलो.

जिथं लाकूड नवीन घातलं तिथं ते फिक्कट दिसतं. जुन्या भिंतीचा मधाळ तांबूस रंग जुळवायला इथले जाणते लोक लाखेचं पॉलिश वापरतात. लाख म्हणजे आपल्या पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरच्या किड्यांची. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांत ती गोळा होते, गोंदिया-भंडाऱ्याकडंही होते. आमच्या लहानपणी सुतारमामा चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं देव्हाऱ्याला चोळायचे. त्या पॉलिशची खुबी अशी की नवा हात जुन्या हातात विरघळून एक होतो. साठ वर्षांपूर्वीचा लेप खरवडावा लागत नाही, त्यावर फक्त नवा चढवायचा. खराब झालं तर तेवढाच भाग पुन्हा. आधुनिक पॉलियुरेथेन टिकाऊ आहे, पण एकदा बिघडलं की सगळं घासून काढण्यावाचून इलाज नाही.

काही गोष्टींत मात्र मी जराही हळवी होत नाही. ब्रेक, गॅसची नळी, विजेच्या तारा, टायर. हे सगळं नवीन. टायरच्या बाजूवर कोरलेल्या आकड्यांत शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी शाबूत दिसली तरी रबर आतून म्हातारं झालेलं असतं. महामार्गावर आपल्या मागं दुसऱ्यांची पोरंबाळं येत असतात.

जॅक्सन सेंटरला मी कारखाना बघायला गेले होते. एअरस्ट्रीमचं बांधकाम आमच्या शास्तापेक्षा पार वेगळं, विमानासारखं. पत्राच सांगाड्याबरोबर भार उचलतो, हजारो रिव्हेट ठोकलेले. एक माणूस बाहेरून हवेची बंदूक धरतो, दुसरा आत पोलादाचा ठोकळा दाबून उभा राहतो, आणि दोघांचा ताल जमला तरच रिव्हेटचं डोकं नीट बसतं. संस्थापक वॉली बायम यांनी १९५९-६० मध्ये असल्या ट्रेलरांचा ताफा केपटाउनहून कैरोपर्यंत नेला होता. आणि नील आर्मस्ट्राँगचं वापाकोनेटा हे गाव तिथून जवळच, शेजारच्या जिल्ह्यात. १९६९ साली चंद्रावरून परतल्यावर त्याला आणि त्याच्या सोबत्यांना ज्या बंद खोलीत वेगळं ठेवलं, ती एअरस्ट्रीमचाच बदललेला ट्रेलर होती.

जुन्या एअरस्ट्रीमवाल्यांत आरशासारखी चकाकी आणायची मोठी हौस आहे. यंत्र लावून, लेपांवर लेप बदलून, आकाशातला ढग पत्र्यात दिसेपर्यंत. दिसतं विलक्षण, नाही म्हणत नाही. पण कित्येक जुन्या गाड्यांच्या पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा एक अगदी पातळ थर असतो, आतल्या मिश्रधातूला हवापाण्यापासून जपणारा. प्रत्येक घासणीत तो थोडा थोडा जातो. कारखान्यातून निघताना त्या गाड्या अशा आरशासारख्या नव्हत्याही. पुन्हा ग्राइंडरचाच प्रश्न, फक्त मोठ्या अंगावर.

आमच्या शास्ताच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात एक पोचा आहे. कुणीतरी झाडाला मागं घेताना लागलेला असावा. पत्रा काढला होता तेव्हा तो आतून ठोकून सरळ करता आला असता. पण पत्रा फाटलेला नाही, पाणी आत येत नाही, आणि अॅल्युमिनियम ठोकलं की ताणतं आणि तिथं नवी सुरकुती येते. मी त्याच्याखालची पट्टी नव्या ब्यूटिल टेपवर, म्हणजे चिकट रबरी पट्टीवर, बसवली आणि पोचा तसाच ठेवला. ओट्यावर कुणी गरम भांडं टेकवल्याचा गोल डाग आहे, तोही आहे. त्याचा व्यास वॅग्नरच्या आठ नंबरच्या बुडाशी जुळतो का, हे मी मोजून पाहिलं. जुळत नाही.

हे सगळं वाचून तुमच्या माळ्यावरचा बिडाचा तवा किंवा आप्पेपात्र आठवलं असेल, तर कृपा करून तो भंगारात देऊ नका आणि कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडं घासायलाही नेऊ नका. आधी टांगून टिचकी मारा. खणकला तर तो तुमचा आहे. थोडा गंज असेल तर भांडी घासायच्या काथ्यानं आणि जाड्या मिठानं निघतो. घरात मुलं असतील तर कॉस्टिक सोडा घरात आणूच नका, वेळ लागला तरी मिठावरच भागवा. धुऊन लगेच गॅसवर वाळवा, कोमट असताना शेंगदाण्याचं तेल लावा, पुसा, पुन्हा पुसा आणि धूर निघेपर्यंत तापवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा आणि घावन किंवा धिरडं घाला. पहिलं चिकटेल, उलथन्यानं ओरबाडू नका, कडा सुटेपर्यंत थांबा. पहिले पंधरा दिवस टोमॅटो, चिंच, आमसूल त्यात घालू नका, आंबट लेप खातं. धुतल्यावर पाण्यात भिजत ठेवू नका. आणि एवढं करूनही मधे एखादा तांबूस ठिपका दिसलाच तर घाबरायचं काही नाही, तेवढ्याच जागी मीठ चोळा, तेल लावा आणि लगेच दुसरं धिरडं घाला.